शहराच्या जमिनीची मोजदाद

शहराची हद्द वाढली म्हणजे शहरांतली जमीन वाढली, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनहि दृढ झालेली दिसते. गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं बऱ्याच पत्रांचा रोख हाच आहे. एक भगिनी लिहितात कीं, पुण्याच्या महापालिकेंत इतकीं गांवें आलीं, वर्तमानपत्रांत क्षेत्रफळाचे मोठमोठे आंकडे छापून आले, मग आमच्या धाकट्या भावोजींना दोन खोल्यांच्या जागेसाठीं निम्मा जन्म हप्ते फेडण्यांत कां घालवावा लागतो? दुसरे एक गृहस्थ थेट विचारतात कीं, पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत या शहरांत जन्मणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या माणसांना पुरेल एवढी जमीन शहरापाशीं आहे कीं नाहीं, याचा हिशेब कसा करतात? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षां अधिक मुळाशीं जाणारा आहे. त्याचें उत्तर मिळालें तर पहिल्याचेंहि बरेंचसें मिळेल. म्हणून या वेळीं आम्ही तोच घेतों.

प्रथम हद्दीची गोष्ट. पुण्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली ती १९५० सालीं. १९५१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती पांच लाखांच्या आंत होती; २०११ च्या शिरगणतींत ती ३१ लाखांच्या घरांत गेली. २०२१ सालीं व्हावयाची शिरगणती त्या सालीं झालीच नाहीं, तेव्हां त्यापुढचे आंकडे अंदाजाचे. १९९७ सालीं ३८ गांवें हद्दींत घेण्यांत आलीं, त्यांतलीं कांहीं पुढें पुन्हा वगळण्यांत आलीं. २०१७ सालीं ११ गांवें आलीं, २०२१ सालीं आणखी २३ आलीं, आणि शहराचें क्षेत्र सुमारें ५१६ चौरस किलोमीटर होऊन तें मुंबई महापालिकेच्या क्षेत्रापेक्षांहि मोठें झालें. उरुळी देवाची व फुरसुंगी हीं दोन गांवें नंतर वेगळीं काढलीं, तें असो. परंतु यांतलें एकहि गांव आकाशांतून पडलेलें नव्हतें. जमीन होती तितकीच राहिली, तिच्यावरचा अंमल तेवढा बदलला. गांवाचें दप्तर एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत गेलें म्हणून तेथें नवा गुंठा निपजत नाहीं. शिवाय हीं गांवें हद्दींत आलीं तेव्हां त्यांच्या पुष्कळशा शिवारांत इमारती आधींच उभ्या होत्या. हद्द शहराच्या वाढीच्या मागून धांवत गेली, पुढें नव्हे.

मग मोजावयाचें काय? विलायतेंत व अमेरिकेंत या हिशेबाची एक ठरीव रीत आहे, आणि केवळ परकी म्हणून ती टाकून देण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यानें १९७३ सालच्या कायद्यापासून प्रत्येक शहराभोंवतीं वाढीची मर्यादारेषा आंखण्याचा प्रघात पाडला, आणि त्या रेषेच्या आंत पुढील वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन आहे हें दाखविण्याची जबाबदारी शहरांवर टाकली. शेंकडा पंचवीस किंवा त्याहून अधिक चढाची जमीन आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराखालची जमीन तेथें सामान्यतः हिशेबांत धरीतच नाहींत. इंग्लंडांत स्थानिक संस्था आपल्या हद्दींतल्या एकेका जागेची यादी करतात व प्रत्येक जागेविषयीं तीन प्रश्न विचारतात: ती घरांना योग्य आहे काय, ती उपलब्ध आहे काय, आणि तेथें घरें होणें साध्य आहे काय. ज्यांनीं लहानपणीं तर्कसंग्रह वाचला असेल त्यांना येथें ओळखीचें कांहीं तरी भेटल्यासारखें वाटेल. वाक्याचा अर्थबोध व्हावयास आकांक्षा, योग्यता आणि संनिधि हीं तीन लागतात. त्यांतलें एक नसलें कीं शब्द कितीहि असोत, वाक्य होत नाहीं. ‘विस्तवानें शिंपडतो’ यांत शब्दांना उणेपणा नाहीं, योग्यता नाहीं. जमिनीचेंहि असेंच आहे.

शाळामास्तराला फळ्यावर उदाहरण मांडल्यावांचून चैन पडत नाहीं, तेव्हां वाचकांनीं क्षणभर पाटी घ्यावी. समजा, हद्दीलगत १०० एकरांचा एक पट्टा आहे. आंकडे आमच्या कल्पनेचे, रीत खरी. त्यांतले २० एकर टेंकडीच्या उतारावर आहेत आणि १० एकर ओढ्याच्या पुराखालीं जातात; राहिले ७०. मोठ्या रस्त्यांना १० गेले, शाळा, दवाखाना, भाजीबाजार, पाण्याची टांकी, स्मशान यांच्या आरक्षणांना १० गेले, राहिले ५०. मोठ्या रेखांकनांत दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो, ते ५ एकर. आंतल्या रस्त्यांना १०. राहिले ३५. या ३५ पैकीं निम्म्या जमिनीचा सातबारा वादांत आहे, किंवा मालक विकावयास तयार नाहीं, किंवा तेथवर जावयास वाट नाहीं. म्हणजे वर्तमानपत्रांत छापलेल्या १०० एकरांपैकीं येत्या दहा वर्षांत घर बांधावयास सतरा-अठरा एकर हातीं लागणार. यांत कोणाची लबाडी नाहीं. लबाडी होते ती सतरा विसरून शंभराचीच भाषा बोलूं लागल्यावर.

या तीन प्रश्नांत योग्यतेचा प्रश्न त्यांतल्या त्यांत सोपा, कारण तो डोळ्यांना दिसतो. पुणें हें टेंकड्यांच्या कुशींत आणि मुळा-मुठांच्या कांठीं वसलेलें गांव. आपल्याकडील नियमांतहि एकास पांच याहून तीव्र चढाच्या जमिनीवर बांधूं नये असें आहे. १९९७ सालीं आलेल्या गांवांपैकीं २३ गांवांच्या आराखड्यांत टेंकड्यांची सुमारें ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठीं राखून ठेवण्यांत आली. २०१५ सालीं सरकारनें तें आरक्षण कायम केलें व मालकांना मोबदला म्हणून शेंकडा ८ या प्रमाणांत विकासहक्क देऊं केले. मालकांचें म्हणणें, हा मोबदला फार थोडा. आणि तें म्हणणें निराधार आहे असें आम्हांस वाटत नाहीं. साऱ्या शहरासाठीं टेंकडी हिरवी राखावयाची तर तिची किंमत साऱ्या शहरानें मोजावी, एकट्या टेंकडीवाल्यानें नव्हे. परंतु किंमतीचा वाद मिटत नाहीं म्हणून ती टेंकडीच घरांच्या हिशेबांत जमा धरावी, हें तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आधीं जनपदनिवेश, म्हणजे नवी वस्ती कशी बसवावी, तें सांगितलें आहे. आणि त्याच्या पाठोपाठ जें प्रकरण येतें तें भूमिच्छिद्रविधानाचें. नांगराखालीं न येणाऱ्या जमिनीला तो रिकामी समजत नाहीं. गुरांना चराऊ रान, तपस्व्यांना अरण्य, हत्तींना वन, असें तिचें तिचें काम तो नेमून देतो. आमच्या आजच्या नकाशांत मात्र ज्या जमिनीवर इमारत नाहीं ती ‘मोकळी’ आणि मोकळी ती बांधण्याजोगी, असा समज होऊन बसला आहे.

नदीचा हिशेब टेंकडीहून कडक आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांचें काय झालें, हें सांगणारीं वडील माणसें अजून पुष्कळ घरांत आहेत. त्या पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत वस्ती हालली आणि शहराला नव्या जमिनीची शोधाशोध घाईनें करावी लागली. आज पाटबंधारे खातें नदीच्या दोहों बाजूंस निळी व तांबडी अशा दोन पूररेषा आंखतें. निळी पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. रेषा आहेत, पण त्यांच्या आंत वस्त्याहि आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्याला लोंढा येऊन माणसें दगावलीं. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याकडील एकतानगरींत पाणी घरांत शिरलें. ओढा लहान, म्हणून नकाशांत त्याची रेघ बारीक असते, आणि बारीक रेघ पुसावयास सोपी जाते. जमिनीच्या जमेच्या बाजूस पडणारे हे दहा-वीस गुंठे पुढें कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत कमरेएवढ्या पाण्यानें वसूल होतात.

आतां उपलब्धतेचा प्रश्न. येथें आम्ही अंमळ रेंगाळणार आहों, कारण या प्रश्नांत आमच्या वाचकांचीं घरें येतात.

जमीन आहे, ती उत्तमहि आहे, पण ती मिळत नाहीं. असें कां, याचीं कारणें सरकारी आहेत तशीं घरगुतीहि आहेत. सरकारी कारणांत मोठें उदाहरण १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याचें. हेतु असा कीं, शहरांत कोणापाशींहि ठराविक मर्यादेपेक्षां अधिक मोकळी जमीन नसावी. मुंबईला ही मर्यादा ५०० चौरस मीटर, पुण्याला १००० चौरस मीटर. वरकड जमीन सरकारनें घ्यावी आणि तीवर गरिबांचीं घरें व्हावींत. हेतूला कोण नांव ठेवील? परंतु मालकांनीं दावे लावले, सूट मागितली, प्रकरणें पंचवीस-तीस वर्षें कचेऱ्यांतून पडून राहिलीं. साऱ्या देशांत सुमारें दोन लाख वीस हजार हेक्टर जमीन वरकड ठरली आणि त्यांपैकीं प्रत्यक्ष ताब्यांत आली ती सुमारें १९ हजार हेक्टर. केंद्रानें १९९९ सालीं हा कायदा रद्द केला, महाराष्ट्रानें २००७ च्या नोव्हेंबरांत. मधल्या काळांत ती जमीन ना मालकाची, ना सरकारची, ना गरिबाची, अशी त्रिशंकूसारखी लोंबकळत राहिली. कागदावर तो शहराचा सांठा होता. त्या सांठ्यावर एक चूल मात्र पेटली नाहीं.

घरगुती कारणें सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलींच पाहिजेत. मध्यवस्तींतल्या पेठांपैकीं एका पेठेंतील एक वाडा आमच्या माहितीचा आहे. मालकांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पणजोबांनीं बांधलेला, दोन चौकांचा. आजोबा मृत्युपत्र न करतां गेले, वडीलहि तसेच गेले. आज त्या वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर सतरा नांवें आहेत. दोघे अमेरिकेंत, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच लागत नाहीं. खालच्या चौकांत चार भाडेकरू, त्यांचें भाडें जुन्या कायद्यानें गोठलेलें. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा त्या काळच्या टंचाईंत आला, १९९९ सालीं नवा आला, तरी जुन्या भाडेकरूचें संरक्षण सुटलें नाहीं, आणि तें एकदम सुटावें असें आम्हीहि म्हणणार नाहीं. त्या खोल्यांतहि म्हातारीं माणसें आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वीं मागल्या चौकाची भिंत बसली. आतां भोंवतीं पत्रे मारले आहेत, आंत पिंपळ उगवला आहे. शहराच्या मध्यभागीं, शाळा, देऊळ, मंडई, दवाखाना सारें चालत जाण्याच्या अंतरावर, नळाचें पाणी, गटार, वीज सर्व कांहीं दारांत असलेली ही जागा. पुनर्विकासास योग्य जागांची यादी करणारा कारकून ती जमेस धरील आणि त्याचें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु सतरा सह्या एका कागदावर आणणें हें कोणत्याहि नगररचनाकाराच्या हातचें काम नाहीं.

अशा वाड्यांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें कीं, बहिणी सही करीत नाहींत म्हणून काम अडलें. आमच्या राज्यानें १९९४ सालीं आणि पुढें केंद्रानें २००५ सालीं मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वांटा दिला. ज्या बहिणीला दिवाळीला बोलावून ओवाळणीच्या ताटाशेजारीं हक्कसोडपत्र पुढें करतात, तिनें सही केली नाहीं तर विलंबाचा दोष तिचा कसा? तिचा वांटा मनापासून धरून मांडणी केली असती तर तो वाडा दहा वर्षांपूर्वींच उभा राहिला असता, असे दोन-तीन प्रसंग आम्हीं पाहिले आहेत. शहरांत जमीन नाहीं अशी तक्रार करणाऱ्या किती घरांच्या पेटींत असा एखादा न वांटलेला सातबारा पडला आहे, याची शिरगणती झाली तर ती उद्बोधक होईल.

मोठ्या जमिनी अशा अडून बसल्या म्हणून माणसें थांबत नाहींत. त्यांनीं आपला मार्ग काढला, त्याचें नांव गुंठेवारी. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. शेतकऱ्यानें शेताचे गुंठे पाडले, रिक्षावाल्यानें, गवंड्यानें, कारखान्यांतल्या कामगारानें ते मुद्रांकावर लिहून घेतले आणि वर खोल्या चढवल्या. रेखांकन मंजूर नाहीं, रस्ता दहा फूट, शाळेला जागा नाहीं. २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, इतकें हें प्रकरण वाढलें. आपल्या वर्गांतलीं माणसें या वस्त्यांना बेकायदेशीर म्हणून नाक मुरडतात. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, या शहरांतल्या कष्टकऱ्यांना खरोखर मिळालेली जमीन हीच. आराखड्यांतली जमीन त्यांना मिळाली असती तर त्यांनीं ही घेतली नसती.

तिसरा प्रश्न साध्यतेचा. जमीन योग्य आहे, मालकहि विकावयास बसला आहे. पण तेथें माणूस राहूं शकेल काय? पुण्याचें पाणी खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांचें. चारी मिळून सांठवण सुमारें २९ अब्ज घनफूट. हें पाणी एकट्या शहराचें नाहीं. कालव्यानें तें दौंड-इंदापूरकडच्या उंसाला व ज्वारीलाहि जातें, आणि तो हक्क शहराच्या आताच्या वाढीच्या आधींचा आहे. शहर वाढलें, धरणें वाढलीं नाहींत. नव्या गांवांतल्या कित्येक मोठ्या इमारतींना रोज टँकरनें पाणी येतें. लाखों रुपयांची सदनिका आणि बादलीचा हिशेब, हें दृश्य तेथें नवलाचें राहिलेलें नाहीं. घरटीं पाणी किती आणि तें कोठून, हा रकाना ज्या जमिनीच्या यादींत नाहीं, ती यादी आमच्या मतें अर्धी आहे. रस्ता आणि सांडपाणी यांचेंहि तेंच, विस्तार करीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आडवी जमीन नसली तर उभी वाढवावी. चटईक्षेत्र वाढवून द्यावें, चार मजल्यांच्या जागीं चौदा करावेत. कोथरूडसारख्या भागांत सहकारी गृहसंस्थांच्या जुन्या इमारती पाडून हें चाललेंच आहे, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. नळ, गटार, बसगाडी असलेल्या ठिकाणीं चार कुटुंबें अधिक राहिलीं तर ओसाड माळावर नवें गांव वसविण्यापेक्षां तें बरेंच. मात्र इमारत तिप्पट झाली तरी पुढचा रस्ता होता तेवढाच राहतो आणि नळाची तोटीहि तेवढीच. ज्या गल्लींत पूर्वीं आठ सायकली उभ्या असत, तेथें चाळीस मोटारी उभ्या राहिल्या म्हणजे आगीचा बंब कोठून जाणार? उंची ही फुकटची जमीन नव्हे, तिलाहि रस्त्याची रुंदी लागते.

आणि घरें कोणासाठीं, हा प्रश्न तर या सर्व हिशेबाच्या खालीं पायासारखा आहे. केंद्र सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटानें २०१२ सालीं अंदाज केला कीं, देशाच्या शहरांतून सुमारें १ कोटी ८८ लाख घरांची तूट आहे, आणि त्यांपैकीं शेंकडा ९५ हून अधिक तूट अल्प उत्पन्नाच्या व त्याहून गरीब कुटुंबांची आहे. आतां दुसरा आंकडा पाहा. २०११ च्या शिरगणतींत देशाच्या शहरांतून सुमारें १ कोटी ११ लाख घरें रिकामीं, कुलूप लावलेलीं सांपडलीं. एकीकडे घर नाहीं, दुसरीकडे घरांत माणूस नाहीं. यांतलीं कित्येक कुलपें आपल्याच वर्गाचीं आहेत. एक सदनिका राहावयास, दुसरी मुलाच्या नांवानें, तिसरी ‘गुंतवणूक’ म्हणून. भाडेकरू ठेवला तर तो उठणार नाहीं, या जुन्या धास्तीनें तिसरी बंदच. जमिनीची मोजदाद करणाऱ्यानें हीं कुलपें मोजलीं नाहींत तर तो गरजेपेक्षां अधिक टेंकड्या मागेल.

या सगळ्यांतून वाट नाहींच असें नव्हे. वाट जुनीच आहे आणि आपल्याच गांवांत आहे. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. त्याप्रमाणें एका भागांतल्या सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढावयाच्या आणि उरलेल्या जमिनीचे सरळ, रस्त्याला लागून असलेले तुकडे ज्याचे त्याला परत द्यावयाचे. मालकाचें क्षेत्र घटतें, किंमत वाढते, आणि कोणा एकाचीच सारी जमीन रस्त्यांत जात नाहीं. भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगर-डेक्कन बाजूची नगररचना याच रीतीनें झाली. त्या बाजूच्या रुंद, झाडांच्या गल्ल्यांतून फिरावयास जाणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत आणावी. पुढें गुजराथेंत ही रीत चालूं राहिली व अहमदाबाद तिच्यावर वाढलें; महाराष्ट्रांत ती पुष्कळ वर्षें कपाटांत पडली. अलीकडे म्हाळुंग्याच्या बाजूला तिचा पुन्हा उपयोग होऊं लागला आहे. कायद्याच्या बाहेरहि याचें एक नमुनेदार उदाहरण हडपसरच्या मगरपट्ट्याचें. तेथल्या सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन तुकड्यांनीं विकून न टाकतां एकत्र केली आणि स्वतःच तिचें शहर वसवून त्यांत भागीदार राहिलीं. तेथें घरें स्वस्त झालीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जमीन ‘उपलब्ध’ कशी होते, याचें उत्तर तेथें मिळतें: मालकाला हांकलून नव्हे, त्याला हिशेबांत घेऊन. सतरा नांवांच्या वाड्यालाहि हीच रीत लागू पडते.

आरक्षणांविषयीं एक गोष्ट सांगून पुरें करतों. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणें आराखड्यांत शाळेसाठीं किंवा बागेसाठीं राखलेली जागा दहा वर्षांत घेतली गेली नाहीं, तर मालकाला नोटीस देऊन पुढील ठराविक मुदतींत तें आरक्षण उठवून घेतां येतें. पैसा नाहीं म्हणून पालिका जागा घेत नाहीं, आणि मग बागेची जागा घरांच्या जमेस पडते. जमीन वाढल्यासारखी दिसते. त्या घरांतलीं मुलें खेळावयास कोठें जाणार, हें मात्र कोणी लिहून ठेवीत नाहीं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा १९८७ चा आराखडा होता, त्यानंतरचा २०१७ सालीं मंजूर झाला; पहिल्यांतल्या पुष्कळशा जागा दुसरा येईपर्यंत कागदावरच होत्या.

म्हणून नव्या गांवांचा असो वा जुन्या पेठांचा, आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे घरांतल्या एका तरी जाणत्या माणसानें कचेरींत जाऊन तो नकाशा पाहावा. आपला सर्व्हे नंबर शोधावा; त्यावर कोणता रंग आहे, रस्त्याची आंखणी कोठून जाते, निळी-तांबडी रेषा कोठें आहे तें उतरून घ्यावें. त्याचबरोबर आपल्या भागांत घरांसाठीं दाखविलेली जमीन किती, तिच्यांतून टेंकडी व ओढा वजा केले आहेत काय, आणि तिच्या पाण्याची तरतूद कोठून आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. नवी जागा घेऊं पाहणाऱ्यानें सातबारा, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला हीं चार कागदपत्रें वकिलाकडून तपासून घेतल्यावांचून विसार देऊं नये, आणि जागा एकदां तरी भर पावसांत पाहावी. हरकत किंवा सूचना लिहितांना गांव, सर्व्हे नंबर व नकाशाचा भाग स्पष्ट घालावा, ती मुदतींत द्यावी, आणि एका प्रतीवर पोंच घेतल्याशिवाय परत येऊं नये.